मण्यार की कवड्या? नव्या ओळखीचे आयुष्य

नाहूर हे मध्य रेल्वेवरचे भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले स्टेशन. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पूर्वेला ठाण्याच्या खाडीची खारफुटी, अशा दोन्ही बाजूंच्या जंगलांमध्ये ही वस्ती वसलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात इमारतींच्या आवारात येतात. असाच एक साप एका जूनमध्ये आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत निघाला. मी खाली पोचेपर्यंत त्याला काठीने मारून झाले होते. शेजारचा आठवीतला मुलगा मोठ्या खात्रीने म्हणाला, "काका, मण्यारच आहे. पट्टे बघा ना!"

पट्टे होते, यात शंका नाही. पण सापाचा रंग तपकिरी होता, पट्टे मानेपासूनच सुरू झाले होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले होते. तो कवड्या होता. पाली खाणारा, बिनविषारी साप. त्या मुलाला विषारी सापांची माहिती नव्हती असे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे त्याला तोंडपाठ होती आणि परीक्षेत त्या प्रश्नाला त्याला पूर्ण गुणही मिळाले होते. या वेळी चुकीची किंमत सापाने मोजली. चूक उलटी झाली असती, म्हणजे मण्यारीला कवड्या समजून कोणी हात घातला असता, तर ती किंमत माणसाने मोजली असती.

मग त्या मुलाला नेमके काय येत होते आणि काय येत नव्हते? आणि जे येत नव्हते ते परीक्षेत का दिसले नाही? वस्तूंचा एखादा नवा वर्ग माणूस कसा शिकतो, तो किती दिवस लक्षात राहतो आणि हे सारे मोजायचे कसे, हा मानसशास्त्रातला जुना आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. शिक्षकाच्या रोजच्या कामाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

वर्ग म्हणजे काय?

"मण्यार" हे एका सापाचे नाव नसून एका वर्गाचे नाव आहे. या वर्गात जगातल्या सर्व मण्यारी येतात: लहान, मोठ्या, नुकतीच कात टाकलेल्या, चिखलाने माखलेल्या. वर्ग शिकला याचा अर्थ, पूर्वी कधीही न पाहिलेली मण्यार समोर आली तरी ती मण्यार म्हणून ओळखता येणे. पुस्तकातले चित्र पाहून "ही मण्यार" असे सांगणे म्हणजे त्या चित्राची आठवण झाली. वर्गाची ओळख झालीच असे नाही.

मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक पाहिला म्हणजे हे काम किती नाजूक आहे ते कळते. मण्यार काळी किंवा निळसर काळी, चकचकीत असते. तिच्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे शेपटीकडे ठळक असून डोक्याकडे पुसट होत जातात किंवा दिसतच नाहीत. पाठीच्या मधोमध मोठ्या, षट्कोनी खवल्यांची एक रांग असते. कवड्या बहुधा तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट असतात, आणि पाठीवर मोठ्या खवल्यांची रांग नसते. आता अडचण अशी, की अंधारात तपकिरी रंगही काळा दिसतो, पट्टे झिजलेले असू शकतात आणि खवले पाहण्याइतके जवळ जाणे शहाणपणाचे नाही. एकच एक खूण पुरत नाही. अनेक खुणा एकत्र तोलून निर्णय करावा लागतो. निसर्गातले बहुतेक वर्ग असेच आहेत.

मोजायचे कसे?

स्मरणाचे मोजमाप पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने केले ते जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउस यांनी. त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी ऐकलेल्या शब्दांचा परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरजोड्या तयार केल्या, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजले. वेळेतली ही बचत वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के भरली. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, हे यातून दिसले.

पण एबिंगहाउस यांनी मोजली ती सुट्या गोष्टींची आठवण. वर्गाचे काय? त्यासाठी असे वर्ग हवेत की जे प्रयोगात भाग घेणाऱ्या कोणालाच आधी ठाऊक नाहीत. "पक्षी" किंवा "खुर्ची" घेऊन चालत नाही, कारण त्यांची ओळख प्रत्येकाला कमीअधिक असतेच. अमेरिकेतल्या क्लार्क हल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चिनी लिपीतली चिन्हे वापरली. काही चिन्हांत एक समान भाग दडलेला असे व त्या सर्वांना एकच नाव दिलेले असे. सरावाने लोक नव्या चिन्हांनाही बरोबर नावे देऊ लागले. पण समान भाग कोणता हे त्यांतल्या काहींना नेमके सांगता येत नव्हते. ओळखता येणे आणि व्याख्या सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

ठिपक्यांचा प्रयोग

या विषयातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या मायकेल पोस्नर आणि स्टीव्हन कील यांचा. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी कागदावर नऊ ठिपके कसेही टाकून एक आकृती बनवली. हे झाले आदिरूप. मग प्रत्येक ठिपका थोडाथोडा इकडेतिकडे सरकवून त्या आदिरूपाच्या विकृत आवृत्त्या तयार केल्या. अशी काही आदिरूपे आणि प्रत्येकाच्या काही आवृत्त्या. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना फक्त या आवृत्त्या दाखवल्या. कोणती कोणत्या गटातली हे त्यांनी सांगायचे आणि बरोबर की चूक ते त्यांना कळायचे. आदिरूप मात्र एकदाही दाखवले नाही.

त्यानंतर चाचणी घेतली. तिच्यात जुन्या, म्हणजे आधी पाहिलेल्या आकृत्या होत्या, काही नव्या आवृत्त्या होत्या आणि कधीच न दाखवलेली आदिरूपेही होती. नव्या आवृत्त्यांपेक्षा आदिरूपे अधिक अचूकपणे ओळखली गेली. जवळजवळ पाहिलेल्या आकृत्यांइतकीच! जणू लोकांच्या मनात सगळ्या उदाहरणांची सरासरी तयार झाली होती.

आपल्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९७० मध्ये याच दोघांनी दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काहींची चाचणी लगेच घेतली, तर काहींची एका आठवड्यानंतर. आठवड्यानंतर प्रत्यक्ष पाहिलेल्या आकृत्या ओळखण्यात स्पष्ट घसरण झाली होती. आदिरूप ओळखण्यात मात्र तशी घसरण दिसली नाही. उदाहरणे पुसट झाली, पण वर्ग टिकला.

हे असे का व्हावे? एक स्पष्टीकरण असे, की मन उदाहरणांतून सार काढून ते वेगळे साठवते आणि सार अधिक टिकाऊ असते. दुसऱ्या मताचे संशोधक म्हणतात, की वेगळे सार वगैरे काही नसते. डग्लस मेडिन आणि मार्गरिट शॅफर यांनी १९७८ मध्ये मांडले, की मनात असतात ती फक्त उदाहरणे. नवी वस्तू समोर आली की ती कोणत्या उदाहरणांशी जास्त जुळते ते पाहून आपण निर्णय घेतो. मग आदिरूप टिकते कसे? एखादे जुने उदाहरण ओळखण्यासाठी मुख्यतः त्या एकाच उदाहरणाची आठवण उपयोगी पडते. ती विझली की आधार गेला. आदिरूप मात्र सगळ्याच उदाहरणांसारखे थोडेथोडे असते. त्यातल्या काहींच्या आठवणी गेल्या तरी उरलेल्या त्याला आधार देतात. अनेक खांबांवर उभ्या असलेल्या मांडवाचे दोन-तीन खांब निघाले तरी तो लगेच कोसळत नाही, तसेच हे. डग्लस हिंट्झमन आणि जेनेव्हीव लडलम यांनी १९८० मध्ये संगणकावर असे प्रतिरूप चालवून दाखवले, की केवळ उदाहरणे साठवूनही हाच परिणाम मिळू शकतो.

बार्बरा नोल्टन आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या वादात भर घातली. मेंदूच्या इजेमुळे नव्या आठवणी न टिकणाऱ्या रुग्णांना त्यांनी ठिपक्यांच्या आकृत्या दाखवल्या. "ही आकृती मघाशी पाहिली होती का?" या प्रश्नात हे रुग्ण निरोगी माणसांच्या बरेच मागे पडले. पण नव्या आकृत्या त्या वर्गात बसतात की नाही, हे त्यांनी निरोगी माणसांइतकेच चांगले सांगितले. यावरून वर्ग शिकण्याची यंत्रणाच मेंदूत वेगळी असावी असे काहींनी मानले. एकाच यंत्रणेतूनही हे घडू शकते असे इतरांनी दाखवले. वाद पुरता मिटलेला नाही. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट शिक्षकाला पुरेशी आहे: एका उदाहरणावर वर्ग उभा राहत नाही.

लगेचची चाचणी फसवते

पाठ्यपुस्तकात मण्यारीचे बहुधा एकच चित्र असते. त्या चित्रावरून धडा शिकवला, तेच चित्र दाखवून तासाच्या शेवटी प्रश्न विचारला आणि सगळ्या वर्गाने एका सुरात बरोबर उत्तर दिले, तर आपण मोजले ते काय? एका चित्राची, अर्ध्या तासाची आठवण. नवे उदाहरण नाही आणि मध्ये काळही गेलेला नाही. ओळख किती टिकाऊ आहे हे पाहायचे तर या दोन्ही गोष्टी हव्यात.

लगेचची चाचणी आणखी एका प्रकारे फसवते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पहिल्या गटाला ८३ टक्के आठवत होते, दुसऱ्याला ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटे झाले: पहिला गट ४० टक्क्यांवर, दुसरा ६१ टक्क्यांवर. जी पद्धत त्या दिवशी सरस दिसते ती पुढच्या आठवड्यात सरस असेलच असे नाही.

वर्गांच्या बाबतीत असाच चकवा उदाहरणांच्या क्रमात आहे. नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क यांनी २००८ मध्ये बारा चित्रकारांची निसर्गचित्रे घेऊन प्रयोग केला. काही चित्रकारांची चित्रे एकापाठोपाठ एक सलग दाखवली, तर काहींची इतरांच्या चित्रांत मिसळून. मग न पाहिलेली चित्रे दाखवून चित्रकार ओळखायला सांगितले. मिसळून दाखवलेल्या चित्रकारांची ओळख अधिक चांगली झाली. गंमत अशी, की प्रयोगात भाग घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना सलग पाहणेच अधिक उपयोगी वाटले होते. पक्ष्यांच्या कुळांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही मिसळून शिकणे सरस ठरले. कारण उघड आहे. दहा मण्यारी सलग पाहताना त्या एकमेकींसारख्या कशा, हे कळते. मण्यारीनंतर लगेच कवड्या आला की दोघांत फरक काय, हे कळते. आणि चूक टाळायला हवा असतो तो फरकच.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

हे सारे आपल्या शाळेत तपासता येते. जिवंत किंवा मेलेला साप मुळीच आणू नये. मण्यारीचे २० आणि कवड्याचे २० फोटो जमवून कार्डांवर चिकटवावेत. फोटो वेगवेगळ्या सापांचे, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेले असावेत. सगळ्या मण्यारी मातीवर आणि सगळे कवड्या फरशीवर असतील, तर मुले साप न शिकता जमीन शिकतील! जाणकाराकडून प्रत्येक फोटो तपासून घ्यावा.

प्रत्येकी १२ कार्डे शिकवण्यासाठी ठेवावीत आणि प्रत्येकी आठ पाकिटात बंद करावीत. ती चाचणीपर्यंत कोणालाही दिसता कामा नयेत. शिकवताना कार्डे मिसळून एकेक दाखवावीत. मुलाने आधी उत्तर द्यायचे, मग बरोबर की चूक ते सांगायचे आणि खुणा दाखवायच्या.

चाचणीसाठी २४ कार्डे घ्यावीत: बंद ठेवलेली १६ नवी आणि शिकवलेल्यांतली आठ जुनी, प्रत्येक सापाची चार. आता एक महत्त्वाची काळजी. त्याच मुलांची आज, आठवड्याने आणि महिन्याने अशी तीनदा चाचणी घेतली, तर पहिली चाचणी हाच एक सराव होतो आणि विसरणे कमी दिसते. म्हणून वर्गाचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत. पहिल्या गटाची चाचणी त्याच दिवशी, दुसऱ्याची आठवड्यानंतर, तिसऱ्याची महिन्यानंतर. प्रत्येक मुलाची एकदाच चाचणी होत असल्याने तिन्ही गटांना तीच कार्डे देता येतात आणि कार्डे सोपी-कठीण असण्याचा प्रश्न उरत नाही. उत्तरे बरोबर की चूक हे शेवटच्या गटाची चाचणी होईपर्यंत सांगू नये.

गुण मोजताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दोनच पर्याय असतील तर नुसत्या अंदाजानेही २४ पैकी सुमारे १२ उत्तरे बरोबर येतात; म्हणून १३ गुण म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दुसरे, जुन्या आणि नव्या कार्डांचे गुण वेगळे मांडावेत. जुन्या कार्डांचे गुण काळाबरोबर अधिक घसरतात का, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तिसरे, दोन प्रकारच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. प्रत्येक सापाला मण्यार म्हणणारा मुलगा बाराच्या बारा मण्यारी "ओळखतो", पण तो काहीच शिकलेला नसतो. आणि कवड्याला मण्यार म्हणणे आणि मण्यारीला कवड्या म्हणणे या चुका किमतीने सारख्या नाहीत. एका वर्गातली मुले थोडी असतात. एखाद्या-दुसऱ्या कार्डाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन तुकड्यांचे आकडे एकत्र केले तर चित्र अधिक भरवशाचे होईल.

प्रयोग संपल्यावर सर्व मुलांना तीच कार्डे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दाखवावीत. मोजमाप झाल्यावर शिकणे थांबता कामा नये. सापांऐवजी झाडांची पाने, खाडीकाठचे पक्षी किंवा खडक घेऊनही हाच प्रयोग करता येईल.

तिसरी पेटी

सापांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली. दरवर्षी सरासरी ५८ हजार. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तो फारसा दुखत नाही, सूजही येत नाही आणि म्हणून दुर्लक्षिला जातो. पुढे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, श्वास अडणे अशी लक्षणे दिसू लागतात. दंश झाला तर साप ओळखत किंवा पकडत बसण्यात वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. ओळख शिकायची ती सापाला हात लावण्यासाठी नव्हे. घाबरून बिनविषारी साप मारू नये आणि विषारी सापाबाबत गाफील राहू नये यासाठी.

म्हणून वर सांगितलेल्या चाचणीत उत्तरांसाठी दोन नव्हे, तीन पेट्या ठेवाव्यात: "मण्यार", "कवड्या" आणि "सांगता येत नाही". तिसरी पेटी आली की अंदाजाचा हिशेब बदलतो. या पेटीतली कार्डे बाजूला काढून ती वेगळी मोजावीत. महिन्यानंतर ओळख पुसट होते तेव्हा मुले चुकीच्या पेटीत कार्ड टाकतात की तिसऱ्या पेटीकडे वळतात, हे पाहावे. जो आपले विसरणे ओळखतो तो सुरक्षित राहतो. मीटरच्या खोलीतल्या त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणी "सांगता येत नाही, लांब उभे राहू आणि सर्पमित्राला बोलावू" असे म्हणाले असते, तर तो कवड्या आजही आमच्या जिन्यातल्या पाली खात असता.